लस वाढली, मृत्यू तेवढेच? फ्लूच्या आलेखात काय दिसतं आणि काय दडतं

प्रश्न असा आलाय: "गेल्या काही दशकांत अनेक देशांत वयस्कर लोकांना फ्लूची लस देण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं, तरी फ्लूने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत असं वाचलं. हे खरं असेल तर या कार्यक्रमांचा उपयोग काय? माझे वडील ७८ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय. त्यांना दरवर्षी लस द्यावी का?"

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. त्यातून "लस निरुपयोगी" असं म्हणणं मात्र घाईचं होईल. लसीमुळे काही मृत्यू टळतात याचा बऱ्यापैकी पुरावा आहे. किती टळतात याबद्दल आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी वर्षानुवर्षं फुगवलेले आकडे सांगितले, हेही तितकंच खरं. आणि जे मृत्यू टळतात ते देशाच्या आलेखात नुसत्या डोळ्यांनी दिसावेत एवढे मोठे नसतात. वडिलांचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे, पण त्याचं उत्तर पटायचं असेल तर आधी मोजणीतली गोम समजून घ्यायला हवी.

मी आता साथरोगशास्त्रात काम करतो. त्याआधी काही वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात होतो, आणि फ्लूचे मृत्यू कागदावरून कसे निसटतात ते मी तिथेच पाहिलं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी. घरात नातवाला ताप-खोकला झाला, चार दिवसांनी आजींना. त्यांचा ताप उतरला, पण दम लागायला लागला, पाय सुजले, आणि दहाव्या-अकराव्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. हृदय आधीच अशक्त होतं. तपासणीसाठी घशातला नमुना घेतला असता तरी उपयोग नव्हता, कारण तोवर विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. दोन दिवसांनी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर मी माझ्या हाताने 'हृदय निकामी होणे' असं लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त फ्लूचं नाव कुठेच आलं नाही.

असे मृत्यू हजारोंच्या संख्येने होतात, म्हणून दाखल्यांवर 'फ्लू' शोधून मोजणी करणं व्यर्थ. ही अडचण जुनी आहे. १८४७ सालच्या लंडनच्या साथीत विल्यम फार यांनी एरवी अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा किती जास्त झाले ते पाहिलं, आणि तो फरक साथीच्या नावावर टाकला. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सर्फलिंग यांनी याच कल्पनेला गणिताची शिस्त लावली: ऋतूप्रमाणे चढणारी-उतरणारी एक आधाररेषा काढायची, आणि हिवाळ्यात तिच्या वर गेलेले मृत्यू 'अतिरिक्त' म्हणून मोजायचे. आजही फ्लूच्या मृत्यूंचे बहुतेक आकडे याच घराण्यातले. म्हणजे ते मोजलेले नसतात, अंदाजलेले असतात. जगभरात दरवर्षी फ्लूशी संबंधित श्वसनविकारांनी २,९०,००० ते ६,५०,००० मृत्यू होतात हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही तसाच अंदाज. त्याच्या दोन टोकांत दुपटीहून जास्त अंतर आहे, ते उगीच नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७-१८ च्या हंगामासाठी सुरुवातीला सुमारे ८०,००० मृत्यू सांगितले होते. अधिक माहिती येत गेली तसा तो आकडा ६१,००० वर आणि पुढे ५२,००० वर आला. पद्धत प्रामाणिक आहे, पण तिच्या आधारावर "लसीमुळे दहा टक्के फरक पडला की नाही" हे ठरवायला जाणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं आहे.

आता तुम्ही ज्याबद्दल वाचलं असेल तो अभ्यास. २००५ मध्ये लोन सिमन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांचे तीन दशकांहून जास्त काळाचे मृत्यू तपासले. लसीचं प्रमाण १९८० च्या आधी १५ टक्क्यांच्या आसपास होतं, २००१ पर्यंत ते ६५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे चौपट. मृत्यू त्या प्रमाणात घटायला हवे होते. तसं झालं नाही. ६५ ते ७४ वयोगटात मृत्युदर १९६८ पासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत उतरला आणि मग स्थिर राहिला. यातली गंमत बघा, उतार आला तो लस फारशी कोणी घेत नसताना. कारण १९६८ मध्ये एच३एन२ हा नवा विषाणू आला होता, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लोकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती तयार होत गेली. ८५ च्या पुढच्यांमध्ये तर रेषा सगळा काळ सपाटच. वर्षभराने इटलीतल्या वृद्धांवरचा अभ्यास आला, त्यातही लस वाढली आणि मृत्यू तसेच राहिले असंच चित्र होतं.

त्याच सिमन्सन यांच्या निबंधात दुसरी एक ओळ होती आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. कोणत्याही हिवाळ्यात वृद्धांच्या एकूण मृत्यूंपैकी फ्लूचा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला नाही, सरासरीने तो त्याहूनही कमी होता. मग त्या काळी गाजत असलेल्या अभ्यासांचं काय करायचं? लस घेतलेल्या वृद्धांमध्ये हिवाळ्यात *कोणत्याही कारणाने* होणारे मृत्यू पन्नास टक्क्यांनी कमी होतात, असं ते सांगत होते. ज्या आजाराने शंभरातले जास्तीत जास्त दहा मरतात, त्याची लस शंभरातले पन्नास कशी वाचवेल? तोंडी हिशेबाने लक्षात यावी अशी ही विसंगती.

मला ती लक्षात आली नव्हती. ते पन्नास टक्के मी स्वतः व्याख्यानांत सांगत असे, स्लाइडवर मोठ्या अक्षरात. कोणी आक्षेप घेतला नाही, मीही हिशेब केला नाही. आकडा आपल्या बाजूचा असला की आपण त्याची झडती घेत नाही.

हा आकडा आला कुठून याचा उलगडा २००६ मध्ये लिसा जॅक्सन यांच्या गटाने केला, आणि तो मी विद्यार्थ्यांना अजून शिकवतो. त्यांनी ६५ च्या पुढच्या ७२,५२७ लोकांची आठ वर्षांची माहिती घेतली. लस घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मृत्यूंची तुलना त्यांनी तीन टप्प्यांत केली: फ्लूचा हंगाम सुरू होण्याआधी, हंगामात आणि हंगामानंतर. हंगामात लस घेतलेल्यांचे मृत्यू ४४ टक्के कमी दिसले. वा, छान. पण हंगाम सुरू होण्याच्या *आधी*, म्हणजे विषाणू गावात आलेलाच नसताना, ते ६१ टक्के कमी होते! आणि हंगाम संपल्यावर २६ टक्के. ज्या काळात लसीला करण्यासारखं कामच नव्हतं त्या काळात ती सर्वांत जास्त 'गुणकारी' ठरली. म्हणजे हा गुण लसीचा नव्हता, लस घेणाऱ्या माणसांचा होता.

असं का व्हावं? लसीकरणाच्या शिबिरात बसून पाहिलं की कळतं. जो स्वतः चालत येतो, रांगेत उभा राहतो, तो बरा आहे म्हणून येतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला कोणी आणत नाही. ज्याचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे त्याला त्याचे डॉक्टरच म्हणतात, आता राहू द्या. एका शिबिरात एक मुलगी वडिलांच्या नावाची चिठ्ठी घेऊन आली होती. म्हणाली, आज त्यांना उठवतच नाहीये, पुढच्या आठवड्यात आणते. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. आमच्या नोंदवहीत ते 'लस न घेतलेले' म्हणून राहिले, आणि महिनाभरातच गेले. आता असा माणूस 'न घेतलेल्यांच्या' गटात मोजला की त्या गटाचे मृत्यू आपोआप वाढतात. लगेच मरणार असलेली माणसं अशी पहिल्या काही आठवड्यांत गळून जातात, म्हणून हा खोटा फायदा सुरुवातीला सर्वांत मोठा दिसतो आणि पुढे ओसरत जातो. ६१, ४४, २६ या उतरंडीचा अर्थ हाच.

इथवर वाचून बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे सगळं थोतांडच होतं! थांबा. फुगवलेला आकडा खोटा ठरला म्हणून खरा आकडा शून्य ठरत नाही. एक हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत पण वास्तवाला धरून. समजा एका प्रदेशात हिवाळ्यात १,००० वृद्ध मरतात, त्यातले ५० फ्लूमुळे. समजा लस फ्लूचा मृत्यू ४० टक्के टाळते, आणि १०० पैकी ६० जणांनी ती घेतली. तर टळलेले मृत्यू किती? ५० चे २४ टक्के, म्हणजे १२. हजारातले १२. आता शेजारी दुसरा एक आकडा ठेवा: सीडीसीच्या अंदाजानुसार अमेरिकेत २०११-१२ च्या सौम्य हंगामात सुमारे १२,००० माणसं फ्लूने गेली, २०१७-१८ मध्ये ५२,०००. चौपटीहून जास्त फरक, आणि तो मुख्यतः कोणता विषाणू आला यावर ठरलेला. जी गोष्ट स्वतःच एका वर्षी चारपट होते आणि दुसऱ्या वर्षी चतुर्थांश, तिच्यातली २४ टक्क्यांची घट आलेखात शोधायची, तीही आधाररेषा अंदाजाने काढून? त्यात दर दशकाला ऐंशी-नव्वदीतल्या लोकांची संख्या वाढत चाललेली, आणि हृदयाचे, फुप्फुसांचे आजार घेऊन पूर्वी न जगणारी माणसं आता दहा-पंधरा वर्षं जगतायत. वयानुसार आकडे सावरून घेतले तरी हा अशक्तपणा पूर्णपणे सावरता येत नाही. सिमन्सन यांच्या सपाट रेषेने एवढं नक्की सिद्ध होतं की लस निम्मे मृत्यू टाळत नाही. ती दहा-वीस टक्के फ्लू-मृत्यू टाळते का, याबद्दल ती रेषा मुकी आहे.

मग पुरावा आणायचा कुठून? चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला लस, एकाला नुसतं सलाइन, ही पद्धत सर्वांत भक्कम, कारण चिठ्ठीला कोण धडधाकट आणि कोण खंगलेला हे कळत नाही. नेदरलँड्समध्ये १९९१-९२ च्या हंगामात साठीपुढच्या १,८३८ लोकांवर अशी चाचणी झाली. रक्ताच्या तपासणीवरून फ्लूचा संसर्ग लस घेतलेल्यांत ४ टक्के, न घेतलेल्यांत ९ टक्के निघाला. संसर्ग साधारण निम्म्यावर. पण १,८३८ माणसांत एका हिवाळ्यात फ्लूने मरणारे इतके थोडे की मृत्यूंबद्दल काही बोलता येत नाही. मृत्यूच मोजायचे तर किती माणसं लागतील? वर्षाला हजारी ४० मृत्यू, त्यातला एक फ्लूचा, लस तो ४० टक्के टाळते असं धरलं तर ४० चे ३९.६ होणार. हा फरक खात्रीने दाखवायला दर गटात तीस-चाळीस लाख माणसं हवीत. आणि ज्या देशात लसीची अधिकृत शिफारस आहे तिथे म्हाताऱ्यांना सलाइन टोचण्याची परवानगी कुठलीही नीतिसमिती देणार नाही.

यातून एक वाट निघाली: फ्लूने मरण्याची शक्यता जिथे खूप जास्त आहे तिथे बघायचं. तुमच्या वडिलांशी संबंध येतो तो इथे. फ्लू आणि हृदय यांचं नातं आम्ही फार काळ हलक्यात घेतलं. २०१८ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातून आलेल्या अभ्यासात फ्लूचं प्रयोगशाळेत निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या प्रमाणाच्या सहापट आढळलं. त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना, त्यामुळे धडधाकट-खंगलेला हा घोळ इथे शिरत नाही. ताप आणि दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि फुप्फुसं तो कमी पुरवतात. सुरुवातीच्या त्या आजींच्या दाखल्यावर मी हृदय लिहिलं, ते यामुळे.

मग आयएएमआय ही चाचणी झाली, स्वीडनच्या नेतृत्वाखाली आठ देशांत, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या अडीच हजारांवर रुग्णांना चिठ्ठ्या टाकून लस किंवा सलाइन दिलं, तेही हॉस्पिटलात असतानाच. वर्षभरात कोणत्याही कारणाने मृत्यू: लस घेतलेल्यांत २.९ टक्के, सलाइनवाल्यांत ४.९ टक्के. शंभरामागे दोन माणसं. हृदयरोगातल्या कित्येक महागड्या औषधांना हे जमत नाही. मी मात्र हा आकडा थोडा कमी करून वाचतो. कोविडमुळे ही चाचणी ठरल्याच्या जवळपास निम्म्यावर थांबवावी लागली होती, आणि अर्ध्यात थांबलेल्या चाचण्यांचे आकडे बहुधा उदार असतात. पुढच्याच वर्षी आशिया, आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या दहा देशांत हृदय अशक्त असलेल्या ५,१२९ रुग्णांवर झालेल्या आयव्हीव्हीई चाचणीत मुख्य प्रश्नावर, म्हणजे हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांवर, ठाम फरक निघाला नाही. न्यूमोनिया मात्र ४२ टक्क्यांनी कमी झाला, हॉस्पिटलात भरती होणंही कमी झालं, आणि फ्लूची साथ ऐन भरात असतानाचेच महिने पाहिले तर मृत्यूही कमी दिसले. हे असं एक तुकडा काढून बघणं धोक्याचं असतं, पण हा तुकडा जीवशास्त्राला धरून आहे: विषाणू असतानाच लस काम करते, नसताना नाही. जॅक्सन यांच्या अभ्यासात याच्या बरोबर उलटं दिसलं होतं, म्हणून मला हे चित्र जास्त खरं वाटतं.

मुलांबद्दलचा पुरावा छोटा पण स्वच्छ आहे. अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळात प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध होऊन गेलेली मुलं तपासली. २९१ मुलांची लसीची माहिती मिळाली, त्यातल्या २६ टक्क्यांनी लस घेतली होती. तशाच बाकीच्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. यातून मृत्यूपासून संरक्षण सुमारे ६५ टक्के निघतं. इथे दाखल्याचा गोंधळ नाही, कारण प्रत्येक मृत्यूत विषाणू सापडलेला आहे.

विरुद्ध बाजूचा एक ताजा आणि चांगला अभ्यासही सांगितला पाहिजे. ब्रिटनमध्ये ६५ पूर्ण झाले की सर्वांना लस देतात. मग ६४ वर्षं ११ महिन्यांचा माणूस आणि ६५ वर्षं १ महिन्याचा माणूस यांच्यात लस सोडता फरक तो काय? या चतुर कल्पनेवर २०२० मध्ये लाखो मृत्यू आणि कोट्यवधी हॉस्पिटल-नोंदी तपासल्या, आणि ६५ च्या उंबरठ्यावर मृत्यू किंवा भरती कमी झाल्याचं दिसलं नाही. या निष्कर्षाला मी मान देतो. फक्त एवढं ध्यानात घ्या की ज्यांना मधुमेह, दमा, हृदयविकार आहे त्यांना तिथे ६५ च्या आधीपासूनच लस मिळते. त्या उंबरठ्यावर नव्याने लस घेणारे असतात ते नुकतेच पासष्टीत आलेले, तब्येतीने ठीक असलेले लोक. त्यांच्यात फ्लूने मरतो कोण? या अभ्यासाने पासष्टीच्या निरोगी माणसाबद्दल बरंच सांगितलं, अठ्ठ्याहत्तरीच्या हृदयरुग्णाबद्दल फारसं नाही.

यातली मेख अशी की ज्यांना लसीची सर्वांत जास्त गरज त्यांच्यातच ती सर्वांत दुबळी. वय वाढलं की प्रतिकारशक्तीही म्हातारी होते, आणि लसीने तयार होणारी प्रतिपिंडं कमी पडतात. त्यात विषाणू रूप बदलतो. उत्तर गोलार्धाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते फेब्रुवारीत ठरतं, हंगाम येतो सात-आठ महिन्यांनी. मधल्या काळात एच३एन२ ने दगा दिला की सगळं बिनसतं: अमेरिकेत २०१४-१५ मध्ये लसीची परिणामकारकता १९ टक्क्यांवर आली होती, २०१०-११ मध्ये ती ६० होती.

म्हणून एक जुना विचार पुन्हा पुन्हा वर येतो: म्हाताऱ्यांना वाचवायचं तर मुलांना टोचा. मुलांत लस चांगली लागते आणि घरात विषाणू आणतात तीच. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर लस दिली, १९८७ मध्ये सक्ती सैल केली, १९९४ मध्ये कार्यक्रम बंद केला. २००१ मध्ये टॉमस रायशर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की या कार्यक्रमामुळे दरवर्षी ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते, दर ४२० मुलांमागे एक. जगभर खळबळ उडाली. दहा वर्षांनी दुसऱ्या गटाने तोच काळ जास्त काळजीने तपासला, अमेरिकेशी ताडून पाहिला, विषाणूंचे प्रकार आणि लोकसंख्येचं वय लक्षात घेतलं. त्यांच्या हिशेबानेही वृद्धांचे फ्लू-मृत्यू मुलांच्या लसीमुळे ३६ टक्के कमी होत होते. पण माणसांत मोजलं तर वर्षाला सुमारे १,०००. दिशा तीच, आकार चाळीस-पन्नासपट लहान. या विषयात कोणी मोठा आकडा सांगितला की मला आधी ही जोडी आठवते.

मुलांच्या लसीने इतरांना आडोसा मिळतो हे चिठ्ठ्या टाकूनही दाखवता आलंय. कॅनडातल्या हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या, बाहेरच्या जगापासून बऱ्याच अलग असलेल्या वसाहतींत काही ठिकाणी मुलांना फ्लूची आणि काही ठिकाणी तुलनेसाठी काविळीची लस दिली. जिथे मुलांना फ्लूची लस मिळाली तिथे लस न घेतलेल्या बाकीच्यांतला फ्लू ६१ टक्के कमी झाला. मृत्यू मोजण्याइतके लोक तिथे नव्हते. मृत्यूंसाठी ऑन्टॅरिओकडे यावं लागतं. त्या प्रांताने २००० मध्ये सहा महिन्यांच्या बाळापासून सर्वांना लस मोफत केली. लसीचं प्रमाण तिथे १८ वरून ३८ टक्क्यांवर गेलं, इतर प्रांतांत १३ वरून २४ वर. फ्लूशी संबंधित मृत्यू ऑन्टॅरिओत ७४ टक्के घटले. हे एकटं वाचलं तर चमत्कार वाटेल, पण इतर प्रांतांतही ते ५७ टक्के घटले, म्हणजे घटीतला बराच भाग या कार्यक्रमाचा नव्हता. श्रेय द्यायचं ते फक्त या दोघांतल्या फरकाला. तो फरकही लहान नाही, आणि शेजारच्या प्रांतांशी तुलना असल्यामुळे नुसत्या एका देशाच्या आलेखापेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह आहे. कार्यक्रमांनी मृत्यू घटतात का या तुमच्या मूळ प्रश्नावर मला स्वतःला सर्वांत पटणारं 'होय' इथलं आहे.

वृद्धांसाठी जास्त मात्रेची लसही आता आहे. २०१४ च्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या लसीच्या तुलनेत तिने फ्लू आणखी २४ टक्के टाळला. मग डेन्मार्कमध्ये तीन लाखांहून जास्त वृद्धांना चिठ्ठ्या टाकून दोन्ही लसी दिल्या गेल्या, निकाल २०२५ मध्ये आले. फ्लू किंवा न्यूमोनियासाठी हॉस्पिटलात भरती होणं: ठाम फरक नाही. कोणत्याही कारणाने मृत्यू: दोन्ही गट जवळपास सारखे. पण ज्यांच्यात फ्लूचंच निदान झालं होतं अशा भरती चाळीस टक्क्यांहून जास्त कमी. एकाच चाचणीत, त्याच माणसांत. मोजमाप जितकं ढोबळ केलं तितका परिणाम विरत गेला. तुमच्या प्रश्नातली सपाट रेषा हेच ढोबळ मोजमाप आहे, देशाच्या पातळीवरचं.

आता वडील. लस द्या, दरवर्षी. आधी अटॅक येऊन गेलेल्यांत फायद्याचा पुरावा चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतून आलेला आहे, आणि धोका नगण्य आहे: दोन दिवस दंड दुखेल, क्वचित कणकण. आधीच्या लसीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा गीलन-बारे (नसांचा एक दुर्मिळ आजार) होऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी द्या. प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि फार लवकर दिली तर काही महिन्यांत जोर ओसरतो. जास्त मात्रेची मिळाली तर चांगलंच, ती मिळावी म्हणून साधी चुकवू नका. घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांनाही द्या, तुम्हीही घ्या. वडिलांच्या शरीरात लस कमी पडली तर तुमच्यातली त्यांच्या कामी येईल.

आणि लस दिली म्हणजे निश्चिंत झालो असं मानू नका. साथीच्या दिवसांत त्यांना ताप-खोकला आला तर "लस घेतलीये, दुसरं काहीतरी असेल" म्हणून दोन दिवस घरी काढू नका. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तरच नीट उपयोगी पडतं. ताप उतरल्यानंतरच्या आठवड्यात छातीत दुखलं, दम लागला, पायावर सूज आली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि तिथे डॉक्टरांना आठवणीने सांगा की गेल्या आठवड्यात फ्लूसारखा ताप होता. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही. त्या आजींच्या वेळी मीही विचारलं नव्हतं. नातवाच्या तापाचं मला नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं, दाखला घ्यायला आल्यावर.